नदीपर्यटनाचे आर्थिक मूल्यमापन

नदीवरील धबधबा, डोह, घाट किंवा काठची पायवाट यांना बाजारभाव नसतो. तरी लोक त्यांच्यासाठी पैसा आणि वेळ खर्च करतात. या खर्चावरून स्थळाचे मोल काढण्याच्या रीतीला ‘प्रवासखर्च पद्धत’ म्हणतात. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी तिची कल्पना १९४७ मध्ये मांडली.

नांदेड जिल्ह्यातील सहस्रकुंड हे तिच्यासाठी चपखल स्थळ. इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या खडकांवरून कोसळते. एका तीरावर मराठवाडा, दुसऱ्यावर विदर्भातील यवतमाळ जिल्हा. गाडीभाडे, इंधन, खाणे आणि बुडालेला रोज यांची बेरीज गावनिहाय मांडली, की अंतर वाढेल तशा फेऱ्या किती घटतात ते कळते. त्यावरून मागणीवक्र आणि उपभोक्त्याचे संतोषाधिक्य, म्हणजे प्रत्यक्ष खर्चापेक्षा जितके जास्त मोजायची त्याची तयारी असते ते, काढतात.

नांदेडच्या गोदावरी घाटांवर हिशेब अवघड होतो. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू घाटावरही जातो. त्याचा सगळा खर्च नदीच्या खाती टाकता येत नाही, तो विभागावा लागतो.

लातूरकडे मांजरा नदीचे मोल पावसावर हेलकावते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. म्हणून मराठवाड्यात एका हंगामाची मोजणी अपुरी ठरते. ओली आणि कोरडी, दोन्ही वर्षे हिशेबात धरावी लागतात.