वायुप्रवेशाची वाट : मोटार-एंजिन आणि नगरची धूळ

मोटारीच्या एंजिनाचा इतिहास बहुधा इंधनाच्या बाजूने लिहिला जातो. पेट्रोल कोठून आले, डिझेलचा प्रसार कसा झाला, भाव केव्हा चढले, ह्यांविषयी पुष्कळ वाचावयास मिळते. परंतु त्याच एंजिनात इंधनाच्या सुमारे पंधरापट वजनाचा आणि आकारमानाने हजारो पटींनी अधिक असा जो पदार्थ शिरतो, त्या हवेचा इतिहास क्वचितच कोणी सांगतो. हवा फुकट मिळते, हेच ह्या उपेक्षेचे कारण असावे. अहिल्यानगरास (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) मात्र ती तशी फुकट मिळत नाही. तिच्याबरोबर धूळ येते, आणि धुळीची किंमत मोटारीच्या मालकास मोजावी लागते.

सावेडी हे मनमाड रस्त्यावरचे मूळचे लहान गाव. नगर शहर उत्तरेस पसरत गेले तसे ते शहराचे उपनगर झाले. त्याच रस्त्याने पुढे नागापूरची औद्योगिक वसाहत लागते. हा सर्व टापू पर्जन्यछायेचा, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीचा, उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या आसपास तापणारा आणि वर्षाचे सात-आठ महिने कोरडा. बेसॉल्ट खडक झिजून झालेली काळी माती व रस्त्यांवरचा मुरूम ह्यांचा बारीक भुगा वाहनांमागे सतत तरंगत असतो. उंची, उष्णता आणि धूळ ह्या तिन्ही गोष्टी एंजिनाच्या एकाच अवयवावर येऊन आदळतात. तो अवयव म्हणजे हवा आत घेणारी वाट होय.

ह्या वाटेवरून किती हवा जाते, ह्याची कल्पना एका उदाहरणाने येईल. वालचंद हिराचंद ह्यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी फियाट ११०० ही महाराष्ट्रातील मध्यमवर्गाची अत्यंत परिचित गाडी. तिच्या एंजिनाचे आकारमान १,०८९ घन सेंटिमीटर. चौधावी एंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा हवा घेतली जाते. म्हणून मिनिटास पाच हजार फेरे होत असता, सिलिंडर ऐंशी टक्के भरतात असे धरले तरी, मिनिटाला सुमारे २,२०० लिटर हवा ओढली जाते. ऐंशी टक्के म्हणण्याचे कारण असे की, सिलिंडर पूर्ण कधीच भरत नाही. गाळणी, कार्ब्युरेटरचा अरुंद गळा, नळीचे वळण, झडपेची कडा अशा प्रत्येक ठिकाणी हवेला थोडे थोडे अडावे लागते. ह्या अडथळ्यांतून जेवढे वाचवता येईल तेवढी शक्ती वाढते. वायुप्रवेशातील सर्व सुधारणांचे मर्म एवढेच आहे. हवा थंड असणेही महत्त्वाचे. बाहेरची चाळीस अंशांची हवा बॉनेटखाली पासष्ट अंशांपर्यंत तापली, तर तिची घनता सात टक्क्यांहून अधिक घटते. नगरच्या उंचीने आधीच सुमारे सहा टक्के घट केलेली असते, ती वेगळी.

कारागिरांच्या भाषेत ह्या ज्ञानाची नोंद फार पूर्वी झालेली दिसते. चढावर मागे पडणाऱ्या गाडीविषयी ‘गाडीला दम नाही’ असे म्हणतात. फारसीतील ‘दम’ म्हणजे श्वास; मराठीत त्याच शब्दाने श्वास, चिकाटी आणि धमकावणी अशा तिन्ही अर्थांचा संसार थाटला. एंजिनाच्या संदर्भात मात्र तो शब्द आपल्या मूळ अर्थाकडे परत गेला आहे, हे लक्षणीय होय. इंग्रजीतून आलेल्या ‘चोक’ ह्या शब्दाची गत याहून गमतीची. थंडीत गाडी चालू करण्यासाठी हवा मुद्दाम कोंडणारी कार्ब्युरेटरातील पाकळी म्हणजे चोक. तो ओढणे हे शहाणपणाचे. आणि धुळीने गाळणी बुजली की ती ‘चोकअप झाली’; हे निष्काळजीपणाचे. एकच कोंडणे, परंतु एकदा उपाय व एकदा रोग.

झडपेची जागा बदलल्याने श्वास किती मोकळा होतो, ह्याचे उत्तम उदाहरण मुंबईतच घडले. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलिस जीप जुळविण्यास प्रारंभ केला. युद्धकाळातील जीपच्या एंजिनात हवा आत येण्याची व धूर बाहेर जाण्याची, अशा दोन्ही झडपा सिलिंडरच्या कुशीत असत. आत शिरलेल्या हवेला वर चढून, वळून, मग दट्ट्याच्या डोक्यावर उतरावे लागे. अमेरिकेत १९५३ मध्ये निघालेल्या आणि पुढे महिंद्रने दीर्घकाळ बनविलेल्या सीजे-३बी ह्या जीपमध्ये हवेची झडप कुशीतून उचलून थेट सिलिंडरच्या माथ्यावर नेण्यात आली, व तिचा व्यासही वाढविण्यात आला. धुराची झडप होती तेथेच राहिली. एंजिनाचे आकारमान पूर्वीचेच, म्हणजे सुमारे २,२०० घन सेंटिमीटर होते. परंतु साठ अश्वशक्तीची मजल सत्तरीपलीकडे गेली. संपीडनाचे प्रमाणही किंचित वाढविले होते, हे येथे सांगितले पाहिजे; तथापि लाभाचा मोठा वाटा हवेच्या नव्या दाराचाच मानावा लागतो. एंजिन उंच झाल्यामुळे बॉनेटही उंच करावे लागले. ग्रामीण महाराष्ट्राने अनेक वर्षे पाहिलेल्या त्या जीपचे उंच, चौकोनी कपाळ हे वस्तुतः वायुप्रवेशातील एका फेरफाराचे बाह्य चिन्ह होते. असे उदाहरण यंत्रांच्या इतिहासात विरळा.

अँबॅसडरची गोष्ट उलटी आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ह्या गाडीस १,४८९ घन सेंटिमीटरचे ब्रिटिश एंजिन मिळाले. त्याच्या ज्वलनकक्षाची हृदयाकृती रचना हॅरी वेसलेक ह्या इंग्रज तंत्रज्ञाची. एंजिनाच्या माथ्यातून हवा कशी वाहते हे उपकरणांनी मोजून पाहणाऱ्यांत वेसलेक अग्रणी होता. असे असूनही चार सिलिंडरांसाठी हवेची दारे दोनच ठेवली होती. पहिल्या-दुसऱ्यास एक, तिसऱ्या-चौथ्यास एक. सिलिंडरांचा प्रज्वलनक्रम १-३-४-२ असल्याने एका दाराशी दोघे लागोपाठ येत, आणि एकाच्या वाट्याची हवा दुसरा पळवी. हेच मूळ एंजिन दोन कार्ब्युरेटर, निराळी कॅमरचना व सुधारलेला माथा घेऊन इंग्लंडात एम. जी. ए. ह्या क्रीडामोटारीत बसविले गेले, तेव्हा त्याने सत्तरच्या आसपास अश्वशक्ती दिली. अँबॅसडरमध्ये ती पन्नाशीच्या घरात होती. काटकसर, टिकाऊपणा आणि सुलभ दुरुस्ती ह्यांसाठी उत्तरपाड्याच्या कारखान्याने आखूड श्वास पत्करला. त्यास दोष देता येत नाही. भारतीय खरेदीदारास शर्यत जिंकावयाची नव्हती.

इथपर्यंतचा विचार स्वच्छ हवेचा झाला. नगरच्या रस्त्यावर प्रश्न पालटतो. बारीक धुळीतील सर्वाधिक घातक कण काही मायक्रॉन ते वीसेक मायक्रॉन आकाराचे असतात. सिलिंडरची भिंत व दट्ट्याची कडी ह्यांमधील तेलाचा पापुद्रा साधारण त्याच जाडीचा असतो. त्यामुळे असा कण तेलात बुडून निरुपद्रवी न होता भिंत घासत राहतो. कड्या झिजतात, तेल वर चढते, निळा धूर दिसू लागतो, आणि अखेर गॅरेजवाला ‘इंजिनचे काम निघाले’ म्हणून सांगतो. ट्रक किंवा जीप हेच ज्याच्या चरितार्थाचे साधन, त्याच्या दृष्टीने हे वाक्य एखाद्या नापीक वर्षाइतके जड असते. म्हणून ह्या प्रदेशात वेगापेक्षा गाळणीचा विचार आधी करावा लागला. जुन्या जीपमध्ये तेलाच्या वाटीची गाळणी असे: आत येणारी हवा तेलाच्या पृष्ठावर आपटून एकदम वळते, जड कण वळू न शकल्याने तेलात बुडतात, उरलेले वरच्या ओलसर जाळीत अडकतात. घड्या घातलेल्या कागदाची गाळणी पुढे सर्वत्र रूढ झाली. ती अधिक बारीक कण अडविते, परंतु बुजत गेली की धुवून चालत नाही, बदलावी लागते.

प्रवाह आणि शुद्धी ह्यांचा हा तंटा नगरपुरता मर्यादित नव्हता. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात व माल्टा बेटावर स्पिटफायर विमानांच्या नाकाखाली व्होक्स कंपनीची मोठी गाळणी बसविण्यात आली. एंजिन वाचले, पण त्या फुगवट्याने विमानाचा वेग घटला, आणि वैमानिकांना ते जाचू लागले. तेव्हा ईजिप्तमधील अबूकीर येथील दुरुस्तीतळावर त्याहून आटोपशीर गाळणी तयार करण्यात आली व ती त्याच स्थळाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. कार्यशाळेतील कारागिरांनी रणभूमीची गरज ओळखून घडविलेला हा वायुप्रवेशातील फेरफार मोठ्या कारखान्यांच्या कित्येक योजनांपेक्षा बोलका आहे.

चिलखती वाहनांचे शिक्षण हे तर नगरचे विसाव्या शतकातील एक प्रमुख कार्यच ठरले. ब्रिटिश काळापासून येथे रणगाडा-शिक्षणाची परंपरा होती. १९४८ मध्ये तिला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल हे रूप आले. खारे कर्जुने परिसरातील के. के. रेंजवर सरावासाठी धावणारा रणगाडा आपल्याच साखळीपट्ट्यांनी उडविलेल्या ढगात श्वास घेतो. टी-७२ सारख्या रणगाड्यात म्हणून हवेला दोन टप्प्यांतून जावे लागते: आधी ती चक्राकार फिरविणाऱ्या अनेक नलिका, ज्यांत धूळ भिंतीकडे फेकली जाऊन वेगळी निघते, व नंतर गाळणीच्या पेट्या. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहनविषयक संस्थाही नगरलाच आहे, आणि वाहनांच्या चाचण्या हे तिचे नित्यकर्म होय. १९९४ मध्ये उघडलेल्या येथील रणगाडा-संग्रहालयात देशोदेशींची जुनी यंत्रे उभी आहेत. जिज्ञासूने तोफांबरोबर त्यांच्या हवेच्या जाळ्यांकडेही पाहावे.

उंचीचा प्रश्न नगरला सौम्य, हिमालयात उग्र. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे झोजी खिंडीत, साडेतीन हजार मीटरांवर, चढले. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे तीस टक्क्यांनी कमी असते. अशा ठिकाणी वाट कितीही मोकळी केली तरी वाटेवर हवाच अपुरी. तिच्यावर उपाय हवा दाबून भरण्याचा: त्याचे पेटंट गॉटलीप डाइम्लरने १८८५ मध्येच घेतले होते, आणि धुराच्या झोताने फिरणाऱ्या चक्राची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी ह्याने १९०५ मध्ये नोंदविली. आज रस्त्यावरील जवळजवळ प्रत्येक डिझेल गाडीत ती आढळते.

अलीकडील काळात तरुण मोटारमालकांत मूळ गाळणीची पेटी काढून तेथे शंकूच्या आकाराची, तेल लावलेल्या कापडी जाळीची उघडी गाळणी बसविण्याची हौस दिसते. आवाज भारदस्त होतो, ह्यात शंका नाही. आणि बरेचदा आवाजालाच शक्ती समजले जाते. परंतु पेटी गेली की गाळणी बॉनेटखालची तापलेली हवा ओढते, म्हणजे प्रवाहात मिळविलेले घनतेत गमावते. कार्ब्युरेटरच्या काळी कारागीर जेट बदलून मिश्रण जुळवीत असे. आजच्या एंजिनात हवेचे मापन संवेदक करतो. गाळणीवरचे जादा तेल त्याच्या तप्त तारेवर बसल्यास मापच चुकू शकते. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ह्या कलमाचा कडक अर्थ लावला. कारखान्याने दिलेली ती कुरूप काळी पेटी व तिची पुढे, रेडिएटरच्या वरच्या अंगास गेलेली सोंड निरर्थक नसते. थंड हवा आणणे, धूळ अडविणे, गुरगुर दाबणे आणि पावसाचे पाणी गळू देणे ही चार कामे ती एकदम करते.

नगर तालुक्यातील शेतकऱ्याने मात्र ह्या विषयातील उत्तम फेरफार कोणताही गाजावाजा न करता पत्करला आहे. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हवेची नळी हातभर उंच उभी असते, कारण नांगरटीची दाट धूळ खाली लोळते व वर विरळ होत जाते. नळीच्या टोकाशी पारदर्शक वाटी. तीत हवा गरगर फिरून जाडी धूळ बाजूस टाकते. खाली तेलाची गाळणी. उन्हाळी नांगरटीच्या दिवसांत ती वाटी काढून बांधावर उपडी केली की मूठभर काळी माती पडते.