अनुशेषात न धरलेला हंगाम
निजामाच्या राज्यातून आलेल्या मराठवाड्यातल्या बीडचा तंत्रशिक्षणातला वाटा १९५६पासून राज्यघटनेतच आहे. कलम ३७१(२) मराठवाड्यासाठी तंत्रशिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी थेट नमूद करते. त्याच कलमाखालचे मराठवाड्याचे वैधानिक विकास मंडळ यायला मात्र १९९४ उजाडले. त्याआधी, १९८४मध्ये दांडेकर समितीने तंत्रशिक्षणाचा अनुशेष रुपयांत मांडला. हिशेब सोयींचा होता, त्या वापरू शकणाऱ्यांचा नव्हे. आयटीआयचे वर्ष पावसाळ्यात सुरू होते आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे मुलांसह, कोयता घेऊन जिल्हा सोडतात. कोणी म्हणेल, मुळात पैसाच तोकडा होता. होताच, पण वसतिगृहाविना वाढवलेल्या जागा या मुलांच्या काय कामाच्या? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली २०२१मध्ये, तीही सामाजिक न्याय विभागाकडून. तोवर मंडळाची मुदत संपून वर्ष उलटले होते.