फवारा-कक्ष आणि नदीखोरे : रंगलेपनातील गाळण-व्यवस्थेचा एक ऐतिहासिक विचार

लोखंडी वस्तूस रंग देण्याच्या व्यवसायाचा इतिहास बहुधा रंगद्रव्यांच्या अंगाने लिहिला जातो. ज्या खोलीत तो रंग दिला जातो तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. वास्तविक, कुंचल्याची जागा फवाऱ्याने घेतली तेव्हा रंगाचा एक हिस्सा वस्तूवर न बसता हवेत राहू लागला, आणि या उडालेल्या रंगाचे काय करावयाचे हा नवा प्रश्न निर्माण झाला. त्यास मिळालेले उत्तर म्हणजे फवारा-कक्ष, अर्थात कारखान्यांच्या बोलीतील ‘बूथ’. या कक्षाच्या गाळण-व्यवस्थेचे टप्पे पाहून, भोर व वेल्हे या तालुक्यांच्या भूगोलात त्यांचा अर्थ काय होतो, हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

१. फवारा आणि आग

शिकागो येथे १८९३ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या इमारती अल्पावधीत रंगविण्यासाठी यांत्रिक फवाऱ्याचा अवलंब करण्यात आला. अमेरिकेतील टोलेडो येथे डॉ. ॲलन डीव्हिल्बिस यांनी रोग्याच्या घशात औषध फवारण्यासाठी उपकरण केले होते. त्याच तत्त्वावर त्यांचे पुत्र थॉमस यांनी १९०७ च्या सुमारास रंगाची स्प्रेगन सिद्ध केली. पुढे १९२३-२४ मध्ये नायट्रोसेल्युलोजचा ‘ड्यूको’ रंग मोटारींवर वापरात आला, आणि ज्या कामास पूर्वी कित्येक दिवस, प्रसंगी आठवडे लागत, ते काही तासांत होऊ लागले.

मात्र हा रंग जितका शीघ्र वाळणारा तितकाच ज्वालाग्राही होता. भिंतींवर साचलेला त्याचा थर ठिणगीने पेटे. म्हणून आरंभीच्या कक्षाचे स्वरूप तीन बाजूंनी बंद अशी पत्र्याची पेटी व मागे पंखा एवढेच राहिले. बाष्प बाहेर घालविणे हाच त्याचा उद्देश होता. पंख्याची पाती रंगाने जड होऊ लागल्यावर मध्ये आडपडदे आले, तद्नंतर कोरडे फिल्टर आणि पाण्याचा पडदा आला. उघड्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर ठेवण्याचा दंडक रूढ झाला. वेग कमी पडल्यास धुके कामगाराच्या तोंडाशी परतते, अति झाल्यास रंग वस्तूवर बसण्यापूर्वीच ओढला जातो.

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. फिल्टर अथवा पाणी रंगाचे कण अडविते. थिनरचे बाष्प त्यातून बहुतांशी तसेच निघून जाते. शिवाय अडविलेला कण नाहीसा होत नाही. कोरड्या पद्धतीत तो फिल्टरमध्ये राहतो, ओल्या पद्धतीत टाकीच्या तळाशी गाळ होऊन बसतो. गाळणी प्रदूषण संपवीत नाही, त्याची जागा बदलते.

२. १९४८ ची सीमारेषा

पंतसचिवांचे भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. राजगड व तोरणा हे किल्ले याच संस्थानात मोडत. त्याच वर्षी भारताचा कारखाना अधिनियम मंजूर होऊन १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला. त्याच्या १४ व्या कलमाने असे बंधन घातले की, धूळ व धूर ओढून घेण्याची योजना त्यांच्या उगमाच्या शक्य तितक्या निकट असावी व ते उगमस्थान शक्य तितके बंदिस्त असावे. ‘बूथ’ हा शब्द न उच्चारता केलेली ही बूथचीच व्याख्या होय. ३७ व्या कलमाने स्फोटक धूळ व वायू यांचा विचार केला. आग टाळणे हा जो कक्षाचा मूळ हेतू, त्यास कामगाराच्या फुफ्फुसाच्या रक्षणाची जोड येथे कायद्याने मिळाली.

परंतु यंत्रशक्ती वापरणाऱ्या ठिकाणी किमान १० कामगार असल्यासच ते ‘कारखाना’ ठरे. हा अधिनियम ज्या २०२० च्या संहितेत समाविष्ट झाला, तिने ही संख्या २० वर नेली. पुणे-सातारा रस्त्यालगत भोर तालुक्यातील वेळू, नसरापूर, कापूरहोळ या पट्ट्यात उद्योगांची वस्ती वाढत गेली. अशा पट्ट्यात रंगकाम पुष्कळदा मोठ्या कारखान्याकडून लहान कार्यशाळेकडे मजुरीने जाते. आणि चार-सहा माणसांची कार्यशाळा व्याख्येबाहेर राहते.

३. पावडरचे आश्वासन

जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५० नंतरच्या दशकात तापविलेली वस्तू हवेने उचललेल्या प्लास्टिकच्या भुकटीत बुडविण्याची रीत शोधली. १९६० नंतर विद्युत्भारित भुकटी फवारण्याची पद्धत आली. भुकटी वस्तूस चिकटते, आणि सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळून तिचा सलग लेप होतो. यात थिनर नाही. सबब बाष्पाचा प्रश्न बहुतांशी मिटतो.

गाळण-व्यवस्थेच्या दृष्टीने ही खरी क्रांती होती. ओल्या रंगाच्या बूथमध्ये अडविलेला रंग टाकाऊ असतो. येथे सायक्लोन व कार्ट्रिज फिल्टरांनी पकडलेली भुकटी पुन्हा वापरता येते. रक्षणासाठी निर्माण झालेली गाळणी अशा रीतीने काटकसरीचे साधन झाली. तथापि हवेतील भुकटीचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेल्यास तिचाही स्फोट होतो, म्हणून पंख्याची शक्ती या मर्यादेवरून ठरवावी लागते. रंग वारंवार बदलावा लागत असल्यास मिश्रित भुकटी पुन्हा कामास येत नाही. नाना गिऱ्हाइकांचे थोडे थोडे काम घेणाऱ्या लहान कार्यशाळेस हा लाभ म्हणूनच अपुरा मिळतो.

शिवाय भुकटी बसण्यापूर्वी पत्र्यावरील तेल व गंज काढून त्यास फॉस्फेटचा थर द्यावा लागतो. व्यवसायात हिला ‘सेव्हन टँक’ प्रक्रिया म्हणतात. बूथमधून गेलेले पाणी या टाक्यांच्या वाटेने परत येते, आणि त्यात आम्ल, तेल व फॉस्फेट असतात.

४. खोऱ्याचा हिशेब

भोर व वेल्हे हे पाणलोटाचे तालुके आहेत. वेळवंडीवर भाटघरचे धरण आहे. तेथील जुना बांध १८९२ चा, तर आजचे लॉइड धरण १९२८ चे. कानंदी व गुंजवणी नीरेकडे वाहतात. आंबीवरील पानशेत व मोसीवरील वरसगाव या धरणांचे पाणी खडकवासल्यावाटे पुणे शहर पिते. २०२४ मध्ये वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. नाव बदलले तरी उताराची दिशा तीच आहे.

अशा प्रदेशात गाळाची जागा हा गौण प्रश्न राहत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांनी रंगाच्या औद्योगिक वापरातून निघणारा गाळ घातक ठरविला आहे. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर त्याच वर्षीच्या नियमांनी दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घातली. औद्योगिक रंग मात्र त्या नियमांच्या कक्षेत आले नाहीत. त्यामुळे बूथच्या गाळात शिसे असण्याचा संभव राहतोच. रांजणगाव येथे अशा कचऱ्यासाठी सामायिक केंद्र आहे; परंतु तेथपर्यंत गाळ नेण्याचा खर्च लहान कार्यशाळेस जड जातो, आणि मजुरीचे दर ठरविताना तो कोणी धरीत नाही.

फवारा-कक्षाने प्रथम इमारत वाचविली, मग कामगार, मग भुकटी. प्रत्येक टप्प्यास चालना देणारे कोणी ना कोणी होते : आगीचे भय, कायदा, अथवा नफा. खाली वाहणाऱ्या पाण्याच्या बाजूने तशी चालना अद्याप पुरेशी निर्माण झालेली नाही. यास्तव गाळणीची कार्यक्षमता केवळ तिच्यातून बाहेर पडणाऱ्या हवेवरून मोजणे अपुरे आहे. तिच्यात जे अडकले ते अखेर कोठे पोहोचले, याची नोंदही त्याच हिशेबात धरली पाहिजे.