तालमीतील क्रम आणि किशोरवयीन मल्लांचे दुखापतीपासून रक्षण : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासाचे लेखन मुख्यतः विजयांच्या अंगाने झाले आहे. कोणत्या मल्लाने कोणत्या वर्षी गदा जिंकली, कोणती कुस्ती कोणत्या डावावर निकाली झाली, याच्या नोंदी मिळतात. मात्र खांदा निखळल्याने किंवा गुडघा कायमचा दुखावल्याने जे मल्ल ऐन उमेदीच्या वयात आखाड्याबाहेर गेले, त्यांची नोंद क्वचितच होते. वास्तविक कोणत्याही क्रीडापरंपरेचे मोल ठरविताना तिने किती विजेते घडविले याबरोबरच तिने किती मुलांची शरीरे सांभाळली, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड हे एकमेकांना लागून असलेले, घोड आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यातील तालुके आहेत. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात ग्रामदैवतांच्या यात्रा हे वर्षाचे महत्त्वाचे टप्पे असतात. कवठे येमाईची येमाई, वडगाव रासाईची रासाई, कुरकुंभची फिरंगाई ही येथील परिचित श्रद्धास्थाने होत. यात्रेनिमित्त कुस्त्यांचा आखाडा भरविणे हा या पट्ट्यातील रूढ रिवाज असून त्यास बोलीत ‘हगामा’ असे म्हणतात. या आखाड्यात उतरणाऱ्यांमध्ये शाळकरी मुलांची संख्या मोठी असते. त्यामुळे किशोरवयीन स्पर्धकांच्या दुखापतींचा प्रश्न या परिसराच्या सामाजिक जीवनाशी थेट निगडित आहे.

उद्दिष्टे

१) पारंपरिक तालमीच्या प्रशिक्षणपद्धतीत दुखापत टाळण्याची कोणती व्यवस्था होती, याचा शोध घेणे.
२) कुस्ती मातीवरून गादीवर आल्यानंतर या व्यवस्थेत झालेल्या बदलांचे विवेचन करणे.
३) शिरूर व दौंड परिसरातील किशोरवयीन मल्लांच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व स्पष्ट करणे.

मल्लविद्येची ग्रंथपरंपरा

मल्लाची पारख करून मगच त्याला आखाड्यात उतरवावे, हा विचार नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मल्लविनोद’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात वय, देह व बळ यांनुसार मल्लांचे वर्गीकरण केलेले असून त्यांचा व्यायाम आणि आहार यांचाही विचार आहे. गुजरातेतील ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेशी संबंधित ‘मल्लपुराण’ या ग्रंथात मल्लांचे प्रकार, व्यायाम, ऋतुमानानुसार आहार आणि आखाड्याची सिद्धता यांचे वर्णन येते. राजाच्या करमणुकीसाठी होणाऱ्या कुस्तीतसुद्धा वय आणि बळ पाहिले जात होते, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाचे व्यायामगुरू बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचा पुरस्कार केला. मल्लखांब आज स्वतंत्र क्रीडाप्रकार म्हणून ओळखला जात असला तरी त्याचा मूळ संबंध कुस्तीच्या पूर्वतयारीशी आहे. एरंडेल लावलेल्या लाकडी खांबावर पकड, पीळ, उडी आणि तोल यांचा सराव करता येतो. खांब उलटून डाव टाकत नाही आणि त्याला इजाही होत नाही. शिकाऊ मुलाने दुसऱ्याच्या अंगावर डाव टाकण्यापूर्वी स्वतःच्या शरीरावर ताबा मिळवावा, हे तत्त्व त्यामागे दिसते.

पुढे बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा ‘व्यायाम-ज्ञानकोश’ मराठीत सिद्ध झाला. तोपर्यंत बहुतांशी मौखिक राहिलेली ही विद्या त्यामुळे ग्रंथबद्ध झाली.

तालमीतील क्रम

पारंपरिक तालमीत आजच्यासारखी संरक्षक साधने नव्हती. लंगोट आणि जांघिया एवढाच मल्लाचा पोशाख असे. तेथील संरक्षण साधनांत नसून शिक्षणाच्या क्रमात होते. या क्रमाचे चार घटक सांगता येतील.

पहिला घटक म्हणजे माती. हौद्यातील लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर इत्यादी पदार्थ मिसळले जात. ही माती रोज खोऱ्याने उकरून भुसभुशीत ठेवावी लागे आणि ते काम प्रायः शिकाऊ मुलांकडे असे. त्यातून दोन हेतू साध्य होत. पडणाऱ्यासाठी जमीन मऊ राहत असे आणि उकरणाऱ्याची कंबर, खांदे व मनगटे लढतीपूर्वीच तापत असत. आज ज्यास ‘वॉर्म-अप’ म्हटले जाते, तो येथे दैनंदिन कामाचाच भाग होता.

दुसरा घटक म्हणजे जोर, बैठका व सपाट्या. जोरांमुळे खांदे व पाठ, बैठकांमुळे मांड्या व गुडघ्यांभोवतीचे स्नायू बळकट होतात. डोके जमिनीला टेकवून मानेवर शरीर तोलण्याच्या व्यायामाने मान तयार होते. कुस्तीत सर्वाधिक ताण येणारे अवयव नेमके हेच आहेत. मुलाने काही काळ केवळ ही मेहनत करावी आणि नंतरच त्याला डाव दाखवावेत, अशी रीत होती.

तिसरा घटक म्हणजे सरावाचा जोडीदार. थोरल्या मल्लाने धाकट्याला ‘खेळवायचे’, त्याला डाव लावू द्यायचा आणि त्याच्यावर डाव टाकताना हात राखायचा, ही शिस्त वस्ताद लावीत असे. ढाक किंवा धोबीपछाड यांसारखे उचलून फेकण्याचे डाव शिकण्याआधी त्या डावांवर नीट पडायला शिकणे आवश्यक असते. हे शिक्षण अनुभवी जोडीदाराच्या हातूनच मिळू शकते.

चौथा घटक म्हणजे वस्तादाची अनुमती. मुलगा आखाड्यात उतरण्याजोगा झाला की नाही, हे तो स्वतः किंवा त्याचे पालक ठरवीत नसत. त्याला रोज पाहणारा वस्ताद ते ठरवीत असे. मेहनतीनंतरची मालिश, दुधातुपाचा खुराक आणि विश्रांती यांवरही त्याचीच देखरेख राही.

अर्थात या परंपरेचे केवळ गौरवीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. बैठकांच्या संख्येचा अभिमान काही वेळा गुडघ्यांच्या मुळावर येई. दुखणे लपवून ठेवणे हे मर्दानगीचे लक्षण मानले जाई. निखळलेला सांधा हाडवैद्याने बसविला की मल्ल पुरता बरा होण्याआधीच मातीत उतरे. चुरगळून कायमचा सुजलेला कान हे तर पहिलवानकीचे भूषणच ठरले होते. तालीम दुखापत टाळण्यात जितकी जाणती होती, तितकी ती दुखापतीनंतरच्या उपचारांत नव्हती, असा निष्कर्ष यावरून काढावा लागतो.

मातीवरून गादीकडे

विसाव्या शतकात कुस्तीचे स्वरूप वेगाने बदलले. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले आणि कुस्तीला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. गादीवरील कुस्तीचा सराव नसतानाही त्यांनी हे यश मिळविले होते. त्यानंतर तयारी करून त्यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परंतु पुढील ऑलिंपिकच्या त्यांच्या आशा गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे संपुष्टात आल्या. हेलसिंकीच्या पदकाचा उल्लेख नेहमी होतो, मात्र या गुडघ्यापासून काय शिकावे याचा विचार फारसा झालेला नाही.

१९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेस प्रारंभ झाला. या स्पर्धेत माती व गादी असे दोन विभाग रूढ झाले. या दोन पृष्ठभागांवर शरीरावर येणारा ताण सारखा नसतो. मातीत मल्ल अनवाणी असतो, तर गादीवर बुटाचा तळ पृष्ठभागाला घट्ट धरतो. वरचे शरीर वळले आणि पाऊल जागीच रोवलेले राहिले, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. लढतीची गतीही गादीवर अधिक असते. त्यामुळे आज मातीत आणि उद्या गादीवर लढणाऱ्या मुलाला दोन्हींची स्वतंत्र तयारी द्यावी लागते.

वजनगटांमुळे विषम जोडींचा धोका कमी झाला, हे आधुनिक नियमांचे मोठे योगदान आहे. परंतु त्यातूनच खालच्या गटात बसण्यासाठी पाणी तोडून वजन उतरविण्याची घातक प्रथा वाढली. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत अवघ्या काही आठवड्यांत तीन महाविद्यालयीन मल्ल अशा प्रयत्नांत मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथील नियम कडक झाले. आंतरराष्ट्रीय महासंघानेही २०१८ पासून लढतीच्या दिवशी सकाळी वजन घेण्याची पद्धत स्वीकारली. एक धोका दूर करणारा नियम दुसरा धोका निर्माण करू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

आधुनिक संशोधनाचा दाखला

प्रशिक्षणाने दुखापती टाळता येतात, यास अलीकडील संशोधनाचा आधार मिळाला आहे. नॉर्वेमध्ये १२५ क्लबांतील १३ ते १७ वर्षे वयाच्या १८९२ फुटबॉलपटू मुलींवर झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. धावणे, बळ, तोल आणि योग्य रीतीने उडी घेऊन उतरणे यांचा सुमारे वीस मिनिटांचा नियमित सराव करणाऱ्या गटात एकूण दुखापतींचे प्रमाण जवळपास एक तृतीयांशाने कमी आढळले. बर्फावरील घसरणीच्या शर्यतींतील किशोरवयीन स्पर्धकांसाठीही गुडघ्याच्या रक्षणार्थ असेच कार्यक्रम आखले गेले आहेत. आधी तोल आणि बळ, मग कौशल्य आणि शेवटी स्पर्धा, हा त्यांचा गाभा आहे. तालमीतील क्रम याहून फार वेगळा नव्हता.

किशोरवयात हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा भाग अद्याप मऊ असतो. उंची झपाट्याने वाढत असताना स्नायूंचे बळ व शरीराचा तोल तितक्या वेगाने वाढत नाही. त्यामुळे समान वजनाची दोन मुलेही शारीरिक परिपक्वतेत असमान असू शकतात. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही, परंतु रोज मुलाला पाहणाऱ्या वस्तादाच्या नजरेस तो दिसतो.

शिरूर व दौंड : आजची परिस्थिती

न्हावरे येथील घोडगंगा आणि पाटस येथील भीमा हे सहकारी साखर कारखाने, तसेच रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती यांनी या दोन तालुक्यांचे अर्थकारण बदलले. दौंड हे रेल्वेचे जंक्शन असून तेथे राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. परिणामी येथील अनेक कुटुंबांच्या दृष्टीने मुलाची कुस्ती हा नोकरीचा एक मार्ग ठरतो. अशा मुलाचा गुडघा गेला तर त्याची केवळ कुस्ती थांबत नाही. पोलीस भरतीतील धावण्याची चाचणीही त्याच्या आवाक्याबाहेर जाते.

यात्रेच्या आखाड्यात जोड बहुधा जागेवरच, अंदाजाने लावली जाते. लहान मुलांच्या कुस्त्या प्रारंभी, रेवड्या-नारळावर किंवा किरकोळ इनामावर होतात. कोणता मुलगा तालमीत मेहनत करतो आणि कोणता केवळ हौसेने उतरला आहे, याची चौकशी प्रत्येक ठिकाणी होतेच असे नाही. चैत्र-वैशाखात यात्रा लागोपाठ येतात, तेव्हा एकच मुलगा थोड्या दिवसांत अनेक आखाड्यांत उतरू शकतो. तालमीच्या क्रमात जी विश्रांती होती, तिला येथे जागा उरत नाही.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. परंपरेने तालमीची दारे मुलींना बंद होती. महिलांच्या कुस्तीचा ऑलिंपिकमध्ये समावेश २००४ मध्ये झाला आणि राज्यात महिलांची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा २०२३ मध्ये सांगली येथे झाली. बहुतेक मुली थेट गादीवर आल्या. जो क्रम मुलांना निदान परंपरेने माहीत होता, तो त्यांच्यापर्यंत हेतुपूर्वक पोहोचविणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१) तालमीतील संरक्षणव्यवस्था साधनांवर नव्हे, तर माती, मेहनत, जोडीदार आणि वस्तादाची अनुमती यांच्या क्रमावर आधारलेली होती.
२) गादीवरील संक्रमणात डाव, नियम व वजनगट आले, परंतु हा क्रम त्याच प्रमाणात पुढे आला नाही.
३) दुखापतीनंतरचे उपचार आणि सक्तीची विश्रांती ही जुन्या परंपरेची उणीव होती. ती आधुनिक क्रीडावैद्यकाच्या साहाय्यानेच भरून काढता येईल.
४) यात्रा समित्यांनी अठरा वर्षांखालील मुलांची जोड लावताना त्याच्या वस्तादाची किंवा क्रीडाशिक्षकाची संमती घेणे आणि आखाड्याजवळ प्राथमिक उपचारांची सोय ठेवणे, हे अल्पखर्चिक व तत्काळ शक्य असलेले उपाय आहेत.

समारोप

शिरूर-दौंड परिसरातील कुस्ती टिकेल की नाही, हे इनामांच्या रकमेवर अवलंबून नाही. आपल्या मुलाला आखाड्यात पाठविताना पालकांना किती विश्वास वाटतो, यावर ते अवलंबून आहे. हा विश्वास पूर्वी वस्तादाच्या शब्दाने मिळत असे. आज तो शब्द आणि क्रीडाशास्त्राचे ज्ञान यांची सांगड घातली, तर परंपरेचे जतन आणि मुलांच्या शरीराचे रक्षण ही दोन्ही उद्दिष्टे एकाच वेळी साध्य होऊ शकतील.