रविवार, गुरुवार आणि चहाचा पेला

'सुट्टीच्या दिवशी घरी कोणी सापडत नाही,' ही तक्रार आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून आता वरचेवर ऐकू येते. तरुण मंडळी मित्रांसह पुण्याला जातात, हिंडतात, बाहेर जेवतात आणि रात्री उशिरा परततात. या तक्रारीत तथ्य किती, हे तूर्त बाजूला ठेवू. इतिहासाकडे पाहणाऱ्याला आधी दुसराच प्रश्न पडतो. मजुरीवर पोट भरणाऱ्या माणसाला शहरात फिरायला मोकळा दिवस मिळाला तरी कधी? आणि शेजारी कोण बसला आहे, हे न विचारता चारचौघांत बसून खाण्याची मुभा त्याला कधी लाभली? या दोन्ही गोष्टींसाठी कोणीतरी झगडले आहे, कोणीतरी अपमान सोसला आहे. योगायोग असा की, या दोन्ही कहाण्यांत १८९० हे एकच साल ठळकपणे समोर येते.

त्यापूर्वी आपल्या भागात विसाव्याचे दिवस नव्हते असे नाही. शेतकऱ्याला सण होते, जत्रा होत्या, देहू-आळंदीची वारी होती आणि आठवडे बाजार होता. चाकणचा शनिवारचा बाजार आजही प्रसिद्ध आहे. बैलजोडी बघावी, कांद्याचा भाव काढावा, सोयऱ्यांची गाठ घ्यावी, पोरांसाठी भेळ-भजी बांधून घ्यावी आणि दिवेलागणीला घर गाठावे, अशी ती सहल असे. परंतु हा विसावा पिकाच्या आणि सणांच्या चक्राला बांधलेला होता. हाच शेतकरी मुंबईच्या कापडगिरणीत गेला, तेव्हा ते चक्र मागे राहिले. गिरणीला ना पेरणी ना सुगी! पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत काम चाले आणि ठरलेली साप्ताहिक सुट्टी अशी नव्हतीच.

ही सुट्टी मिळवण्यासाठी जो माणूस उभा राहिला, त्याचे मूळ गाव चाकणच्याच खेड तालुक्यातील कन्हेरसर. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. ते जोतीराव फुले यांचे अनुयायी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक होते. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी मिळावी, ही तिच्या प्रमुख मागण्यांपैकी एक होती. अर्ज-विनंत्यांत सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली व तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी साप्ताहिक सुट्टी कारखाना कायद्यातही आली.

रविवार का, याचे उत्तर आपल्याला सोपे वाटते. इंग्रज राज्यकर्ते ख्रिस्ती होते, त्यांच्या कचेऱ्या रविवारी बंद असत. तथापि गिरणीतला कामगार काही ख्रिस्ती नव्हता. त्याच्या लेखी रविवार हा खंडोबाचा वार. जेजुरीचा आणि खेड तालुक्यातील निमगावचा खंडोबा ज्यांचे कुलदैवत, त्यांना हा दिवस परका वाटण्याचे कारण नव्हते. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने इ.स. ३२१ मध्ये विसाव्याचा म्हणून जाहीर केलेला दिवस महाराष्ट्रातील कष्टकऱ्याने अशा रीतीने आपल्या श्रद्धेतून आपलासा केला. पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावरील 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक १५ मे १८९१ रोजी प्रसृत केले व त्यात विश्रांतीच्या दिवसाचा हक्क मांडला. मुंबईच्या कामगारांनी तो हक्क त्याआधी अकरा महिने पदरात पाडून घेतला होता, ही गोष्ट आपण अभिमानाने लक्षात ठेवावी. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत निवर्तले. भारत सरकारने २००५ मध्ये त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. पण सुट्टीच्या दिवशी त्यांचे नाव कितीजणांना आठवते?

आता दुसरी कहाणी. त्याच १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानासाठी शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली. हे मिशन अँग्लिकन पंथाचे. त्याचे १८८५ सालचे पवित्र नाम देवालय व उंच घंटाघर गुरुवार पेठेत आजही उभे आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी ही मंडळी जमवली होती. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता पुढे ठेवून घेतला. पुढे गोपाळरावांनीच उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापवून आणली आणि शहरात एकच गदारोळ उडाला. उपस्थितांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, बहिष्काराचे दिवस आले आणि १८९२ साली रानड्यांसारख्या पुरुषालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. हे सारे एका चहाच्या पेल्यापायी!

उच्च न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोचलेल्या विद्वानांची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाचे काय होत असेल? नगर जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमधून, पिंपरी-चिंचवडला आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांना ते सांगण्याची गरज नाही. गावच्या चहाच्या दुकानात वेगळी ठेवलेली कपबशी, पिणाऱ्यानेच ती विसळून पालथी घालणे, हे आपल्यातील वृद्धांनी पाहिले आहे. बाप्तिस्म्यानेही ही कपबशी गावकऱ्यांच्या नजरेतून सुटली नाही.

ती सुटण्यास शहरातील उपाहारगृहांचा हातभार लागला. पुण्याच्या लष्कर भागात दोराबजींचे भोजनगृह १८७८ पासून आहे. डेक्कन जिमखान्यावरचे 'गुडलक' हे इराणी हॉटेल १९३५ साली सुरू झाले. इराण्याला पैशाशी मतलब. गिऱ्हाइकाची जात विचारण्याची त्याला गरज नव्हती. संगमरवरी टेबलापुढे वकील बसे आणि त्याने सोडलेल्या खुर्चीवर थोड्या वेळाने टांगेवाला. पुढे राज्यघटनेने हा व्यवहार हक्काच्या पायरीवर नेला. १९५० पासून अमलात आलेल्या घटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांमुळे तेथे कोणासही मज्जाव करता येत नाही. देशाच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाचे नाव का यावे, असे एखाद्याला वाटेल. ज्यांना तेथे आत घेतले जात नव्हते, त्यांना तसे वाटणार नाही.

शनिवार-रविवार जोडून सहलीला निघण्याची रीत मात्र सुरुवातीस पैसेवाल्यांचीच होती. मुंबई-पुण्याच्या रुळावर १ जून १९३० रोजी 'डेक्कन क्वीन' धावू लागली, ती आरंभी शनिवार-रविवारपुरतीच. पुण्याच्या घोडशर्यतींना येणारे मुंबईकर हे तिचे मोठे गिऱ्हाईक. गाडीला भोजनाचा डबा होता व तो आजही आहे. पिंपरी-चिंचवड तेव्हा तिच्या खिडकीतून दिसणारी शेतीची गावे होती.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्या दशकात टेल्को, बजाज यांसारखे कारखाने या पट्ट्यात उभे राहिले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. गोवा, केरळ, मंगळूर, वसई आणि नगर येथून आलेली कॅथलिक कुटुंबे याच लाटेबरोबर येथे स्थिरावली.

आणि येथे रविवारच्या कहाणीला एक अनपेक्षित वळण मिळाले. सर्व कारखाने एकाच दिवशी बंद राहिले, तर उरलेल्या सहा दिवसांत विजेवर ताण येतो. म्हणून निरनिराळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे निरनिराळे वार नेमून दिले गेले. पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला. १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, हाच सुट्टीचा मानला होता. मात्र त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी दिल्यास रविवारी काम करून घेण्याची सवलत होती. गुरुवार हा रविवारच्या बरोबर तीन दिवस आधी येतो! लोखंड्यांनी सहा वर्षे झगडून मिळवलेला रविवार विजेच्या हिशेबात गुरुवार झाला. आजही येथील अनेक लहान कारखाने गुरुवारीच बंद असतात.

या गुरुवारने येथील कामगाराच्या जीवनाला एक निराळा आकार दिला. मुलांच्या शाळा गुरुवारी चालू, सरकारी कचेऱ्या चालू, पुण्यातील नातलगही कामावर. मोकळा असे तो फक्त बरोबरीचा कामगार मित्र. त्यामुळे सुट्टीची सोबत घरच्यांपेक्षा मित्रांचीच अधिक घडू लागली. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाल्यावर चिंचवड, पिंपरी, कासारवाडीहून पुणे गाठणे सोपे झाले. लष्करात फेरफटका, एखादा चित्रपट, इराण्याकडे बनमस्का व चहा आणि परतताना १९५५ सालच्या कयानी बेकरीतील श्रूजबेरी बिस्किटांचा पुडा घरच्यांसाठी! बाप घरी परते, तोवर मुले झोपलेली असत. रविवारी मुले घरी आणि बाप पाळीवर. तरुण मित्रांबरोबर बाहेर रमतात म्हणून खंत करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की ही रीत पाडली ती त्यांच्याच पिढीच्या गुरुवारांनी.

ख्रिस्तसभेलाही या वारांच्या ओढाताणीची दखल घ्यावी लागली. १९८३ च्या धर्मसंहितेतील १२४८ व्या कलमानुसार शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला हजर राहिल्यानेही रविवारची जबाबदारी पूर्ण होते. पाळीवर जाणाऱ्या कामगाराची सोय झाली. पण सारे कुटुंब एका बाकावर बसण्याची सोय कोणत्याही कलमाने होत नाही.

गेल्या काही वर्षांत हा पट्टा उत्तरेकडे चाकणपर्यंत पसरला. २००९ साली तेथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीज-बेंझही त्याच सुमारास तेथे गेली. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरीत मेट्रो धावली आणि सप्टेंबर २०२४ पासून पिंपरीहून थेट स्वारगेट गाठता येऊ लागले. शहर असे जवळ आले. पण सर्वांना सारखेच नव्हे. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतील मुलांना शनिवार-रविवार जोडून मिळतात. चाकणला रेल्वे नाही, मेट्रो नाही. तेथील कंत्राटी कामगाराचा सुट्टीचा दिवस नाशिक रस्त्यावरील कोंडीत जातो, आणि रोजंदारीवर असल्यास सुट्टी म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीला मुकणे. मिळेल ती जादा पाळी तो आनंदाने पत्करतो. १८९० पूर्वीचा गिरणी कामगार आपल्यातून पुरता गेलेला नाही.

ज्या हॉटेलात आपण रविवारी सहकुटुंब जेवतो, तेथील वाढप्याचाही विचार करावा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने व हॉटेले वर्षाचे सर्व दिवस उघडी ठेवण्यास परवानगी दिली, मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी देणे बंधनकारक केले. ती त्याला खरोखर मिळते का, हे आपण गिऱ्हाइकांनी कधी विचारले आहे? पेला कोणाच्या हातचा, ही पंचहौदच्या काळची चौकशी होती. पेला आणून देणाऱ्याला विसावा आहे की नाही, ही आजच्या काळाला शोभणारी चौकशी होय.

संत लूकच्या शुभवर्तमानातील अम्माऊसची कथा आपण दर पुनरुत्थानकाळात ऐकतो. आठवड्याच्या पहिल्याच दिवशी दोन मित्र यरुशलेम शहरातून साठ स्तादिया, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर अंतरावरील गावी चालत निघाले. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी आग्रहाने जेवायला थांबवून घेतले आणि भाकर मोडताना त्यांना प्रभूची ओळख पटली. मित्रांनी एकत्र हिंडणे-जेवणे यात काही खोट आहे, असे ही कथा वाचून कोणी म्हणू शकणार नाही. त्या दोघांनी तिसऱ्यासाठी जागा केली, एवढे मात्र विसरता येत नाही.

म्हणून तरुण वाचकांना सांगावेसे वाटते: जरूर जा, पुण्याला जा, एकत्र बसा, पोटभर जेवा आणि हसा. हा दिवस आणि हे टेबल तुमच्यासाठी कोणी मिळवले, ते मात्र जाणून घ्या. परगावाहून नुकताच आलेला, खोलीवर एकटाच स्वयंपाक करून खाणारा एखादा सहकारी तुमच्या पाळीत असेलच. पुढच्या सुट्टीत त्यालाही हाक मारा. आणि ज्या आठवड्यात घरातील सर्वांची सुट्टी एका दिवशी येईल, त्या दिवशी मित्रांना आपल्या घरी जेवायला बोलवा. वडीलधाऱ्यांची तक्रार मिटवण्याचा याहून सोपा उपाय मला तरी ठाऊक नाही.