सीवन आणि संधान

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चौदाव्या अध्यायाचा विषय निघाला की बहुधा काळ्या मुंगळ्यांचीच कथा सांगितली जाते. आतड्यास छिद्र पडले असता कडा जुळवून त्यांवर मुंगळ्यांकडून दंश करवावा आणि मग धड तोडून डोके तेवढे तेथेच ठेवावे, असे ते विधान होय. चरकसंहितेतही ते आढळते. कॉर्डोव्हाच्या अल्-झहरावीनेही अशा उपायाची नोंद केली आहे. नवलाची गोष्ट लक्षात राहते. मात्र तिच्यापायी त्याच परिच्छेदाचा उत्तरार्ध उपेक्षित राहिला.

त्या उत्तरार्धात शिवणे आणि संधान या दोन क्रिया वेगळ्या सांगितल्या आहेत. ‘सिव्’ धातू सुईदोऱ्याच्या कामाचा. ‘सम्’ उपसर्गासह ‘धा’ धातूपासून आलेल्या ‘संधान’ शब्दात दुभंगलेले सांधले जाण्याचा भाव आहे. शिवणे वैद्याच्या हाती; संधानासाठी ग्रंथकार द्रव्यांकडे वळतो. ज्येष्ठमध मिसळलेल्या काळ्या मातीचा लेप, वारा नसलेली खोली, तेलाची वा तुपाची द्रोणी आणि केवळ दुधाचा आहार. चरकाने सूत्रस्थानात ‘संधानीय’ म्हणून जी दहा द्रव्ये गणली, त्यांत पहिले नाव ज्येष्ठमधाचेच आहे. तेव्हा ही योजना आकस्मिक नव्हे. तरीही हा लेप पोटावर बाहेरून द्यावयाचा होता. प्रत्यक्ष आतड्याला स्पर्श होई तो मधतुपाचा, हे विसरता येत नाही.

युरोपात दीर्घकाळ विचार झाला तो मुख्यतः सीवनाचा. पॅरिसच्या लांबेरने १८२६ मध्ये आतड्याची बाह्य आवरणे परस्परांस भिडवणारा टाका सांगितला. टाक्याचा खरा आधार अंतस्त्वचेखालचा चिवट थर होय, हे अमेरिकेतील हॅल्स्टेडने १८८७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले. परंतु टाका निर्दोष असूनही जोड का सुटतो? कोन व राइव्ह्झ यांनी १९५५ मध्ये कुत्र्यांच्या आतड्याच्या जोडाजवळील रक्तपुरवठा मुद्दाम तोडला आणि आतड्याच्या पोकळीत प्रतिजैविक सोडले. तेव्हा एरवी सडून फुटणारा जोड टिकून राहिला. २०१५ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत याचे एक कारण दाखविले: आतड्यातील एक जिवाणू जोडावरील कोलॅजेन तोडतो, शिरेतून दिलेले प्रचलित प्रतिजैविक त्याला हटवू शकले नाही, आतड्यालाच लावलेल्या औषधाने मात्र गळती टळली.

यावरून मधतुपाच्या लेपाला आधुनिक औषधाचे पूर्वज ठरविण्याचा मोह अभिमानी लेखकांना होईल. त्यांनी त्या अध्यायाचा आरंभ वाचावा. बद्धगुद आणि परिस्रावी, म्हणजे ज्यांच्यासाठी ही शस्त्रक्रिया सांगितली ते दोन्ही उदररोग, ग्रंथकाराने तेथे असाध्यांत गणले आहेत आणि रोग्याची आशा नाही असे आधी सांगूनच वैद्याने उपचारास हात घालावा, अशी आज्ञा केली आहे.