रूपांतरित शालेय बसमधील बिघाड व दुरुस्ती

रूपांतरित शालेय बस म्हणजे विद्यार्थी वाहतुकीतून निवृत्त झालेली आणि आसने काढून अन्य कामासाठी फेररचना केलेली बस होय. फिरते वाचनालय, फिरता दवाखाना, प्रदर्शनाची गाडी, मालवाहू गाडी, निवासी गाडी अशी तिची रूपे आढळतात. अशा गाड्यांतील बिघाडांना दोन मुळे असतात. एक गाडीचे वय व दुसरे फेररचनेत झालेले फेरफार. निदान करताना ही दोन मुळे वेगळी न काढल्यास चांगले सुटे भाग बदलले जातात आणि मूळ दोष तसाच राहतो. या लेखातील विवेचन मुख्यतः डिझेलवर चालणाऱ्या, भारतात तयार झालेल्या जुन्या बसगाड्यांविषयी आहे. किनारी हवामानाच्या परिणामांसाठी रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील हर्णे हे उदाहरण घेतले आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात बसचे रूपांतर ही नवी गोष्ट नाही. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली. पुढे दापोडी (पुणे), छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथील कार्यशाळांत सांगाड्यावर बसची बांधणी करण्याची परंपरा एसटी महामंडळाने उभी केली. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी वाहतूक थांबली, तेव्हा महामंडळाने जुन्या बसची आसने काढून त्यांचे मालवाहू गाड्यांत रूपांतर केले. ही सेवा ‘महाकार्गो’ या नावाने ओळखली गेली. पुण्यात सार्वजनिक परिवहनातून बाद झालेल्या बसमध्ये महिलांसाठी ‘ती’ नावाची फिरती स्वच्छतागृहे उभारली गेली. अमेरिकेत तर निवृत्त शालेय बसचे घर करण्याची स्वतंत्र चळवळच आहे.

महामंडळासारख्या संस्थेकडे कार्यशाळा, प्रशिक्षित कारागीर आणि गाडीच्या नोंदी असतात. खासगी मालकाने घेतलेल्या जुन्या शालेय बसबरोबर यांपैकी सहसा काहीच येत नाही. कोणती तार कोठून नेली, कोणता फ्यूज कशाचा, हे ज्या वायरमनने काम केले त्यालाच ठाऊक असते. म्हणून अशी गाडी हाती आल्यावर पहिले काम दुरुस्तीचे नसून तारांचा व नळ्यांचा नकाशा कागदावर उतरवण्याचे असते.

किनारी हवामान : हर्णे परिसर

हर्णे हे सुवर्णदुर्ग या जलदुर्गासमोर वसलेले मासेमारी बंदर आहे. कनकदुर्ग, गोवा किल्ला व फत्तेगड यांची जागाही येथेच किनाऱ्यालगत आहे. बंदरावर मासळीचा लिलाव चालतो व तेथून मासळीच्या गाड्या दापोलीकडे जातात. दापोली ते हर्णे हे अंतर सुमारे १५ किलोमीटर असून रस्ता पठारावरून चढ-उतार व वळणे घेत किनाऱ्यावर उतरतो. बसच्या दृष्टीने येथे तीन गोष्टी एकत्र येतात : खारा वारा, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि उताराचा रस्ता. यात चौथी गोष्टही धरावी लागते. मासळीच्या गाड्यांतून गळणारे बर्फाचे खारट पाणी रस्त्यावर सांडते आणि मागून येणाऱ्या गाडीच्या चाकांनी तिच्याच पोटाखाली उडते. त्यामुळे देशावर दहा वर्षे टिकणारी ब्रेकची लोखंडी नळी येथेही तितकीच टिकेल असे गृहीत धरता येत नाही.

मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते. त्यामुळे पाऊस नसतानाही पत्र्याच्या सांध्यात ओल राहते. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा जेथे लोखंडी सांगाड्याला थेट रिव्हेट केलेला असतो, तेथे खाऱ्या ओलीत दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. अशा ठिकाणी दोन धातूंच्या मध्ये प्रायमर व रबराची पट्टी देतात. आसने काढल्यावर जमिनीत उरलेली बोल्टची भोके हे रूपांतरित बसमधील गंजाचे सर्वांत दुर्लक्षित कारण होय. वरून प्लायवुड टाकले की भोके दिसेनाशी होतात, पण चाकांनी उडवलेले पाणी त्यांतून वर येऊन लाकडाखाली साचते. भोके पत्र्याच्या चकत्यांनी बंद करून, त्यावर गंजरोधक लेप देऊन मगच वरची जमीन टाकावी लागते. मोसम संपल्यावर गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुणे हा गंजावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

विद्युत बिघाड

जुन्या रूपांतरित बसमधील तक्रारींचा मोठा भाग विद्युत यंत्रणेचा असतो. मोठ्या बसमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्टची यंत्रणा असते. लहान शालेय बसमध्ये बहुधा १२ व्होल्टची. हा फरक न पाहता दिवे, पंखे वा पंप बसवले की बिघाडाला सुरुवात होते.

सर्वाधिक आढळणारी चूक अशी : गाडी २४ व्होल्टची, बसवायचे साधन १२ व्होल्टचे, म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार काढली जाते. साधन उत्तम चालते. पण ती बॅटरी रोज थोडी उतरते आणि दुसरी भरलेलीच राहते. अल्टरनेटरला मात्र दोघींची बेरीजच दिसते. परिणामी एक बॅटरी कायम अर्धपोटी, तर दुसरी अतिरिक्त भरणीने उकळत राहते व तिचे पाणी आटते. काही महिन्यांत दोन्ही निकामी होतात आणि दोष बॅटरीच्या कंपनीवर ढकलला जातो. यावर २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवणे हाच योग्य मार्ग आहे. गाडी उभी असताना दिवे-पंखे चालवायचे असतील तर त्यांच्यासाठी वेगळी बॅटरी ठेवून ती आयसोलेटरमार्फत जोडतात. त्यामुळे घरातील पंख्याने इंजिन सुरू करण्याची ताकद खाल्ली जात नाही.

निदानाला मल्टीमीटर पुरेसा आहे. काही तास उभ्या असलेल्या गाडीत १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास ती निम्मी उतरलेली असते. इंजिन चालू असताना भरणी १३.८ ते १४.४ व्होल्ट, आणि २४ व्होल्टच्या यंत्रणेत २७.६ ते २८.८ व्होल्ट असावी. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘अल्टरनेटर चालतो का’ हे पाहण्याची पद्धत अनेक गॅरेजांत आजही आहे. जुन्या डायनमोच्या काळात ती खपून जात असे. अल्टरनेटरमध्ये मात्र तिने व्होल्टेज एकदम उसळून आतील डायोड जळतात.

सेल्फ (स्टार्टर) मारल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज आला तर बॅटरी बदलण्यापूर्वी अर्थिंग तपासावे. सेल्फ शेकडो अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. २०० अँपिअरच्या प्रवाहात एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध केवळ ०.०१ ओहम असला तरी तेथेच २ व्होल्ट खर्च होतात. मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला व दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आकडा दिसल्यास दोष अर्थच्या तारेत आहे असे समजावे. खाऱ्या हवेत ही तार वरून ठीक दिसते, पण आत तांब्यावर हिरवी भुकटी चढलेली असते. अर्थ अगदीच खराब झाल्यास प्रवाह क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो व ती केबल तापते. ब्रेक दाबला असता इंडिकेटर मंद पेटणे हीदेखील मागच्या दिव्यांच्या अर्थची खूण आहे. सांधे घासून, घट्ट आवळून त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी. आवळण्यापूर्वी जाड थर दिल्यास मूळ हेतूच फसतो.

गाडी चार दिवस उभी राहिली की सुरू होत नाही, ही तक्रार बारीक गळतीची असते. १०० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी १ अँपिअरच्या गळतीने १०० तासांत, म्हणजे चार दिवसांहून थोड्याच अधिक काळात, रिकामी होते. किल्ली बंद करून ऋण तारेत अँमीटर घालावा आणि एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या वाटेवर दोष असतो. या चाचणीच्या वेळी सेल्फ मारू नये, अन्यथा मीटर जळतो.

जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे हा प्रकार सर्वांत घातक आहे. फ्यूज साधनासाठी नसतो, तो तारेसाठी असतो. तारेला पेलेल त्याहून अधिक प्रवाह गेल्यास आधी फ्यूज तुटला पाहिजे. तो तुटला नाही तर तार तापते, आणि रूपांतरित बसमध्ये ती तार बहुधा प्लायवुड, फोम व पडदे यांच्या मागून गेलेली असते. शालेय बसची मूळ संकटकालीन दारे फेररचनेत बंद केली जातात, त्यामुळे आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट एकच उरते. प्रत्येक नव्या वाटेचा फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा, पत्र्यातून जाणाऱ्या तारेला रबरी कडी असावी आणि सर्व प्रवाह एकदम तोडणारा मुख्य स्विच चालकाच्या हाताशी असावा.

ब्रेक

हर्णे-दापोलीसारख्या उताराच्या रस्त्यावर इंजिन बंद पडले तर गाडी थांबते, पण ब्रेक गेला तर थांबत नाही. म्हणून अन्य कोणत्याही दुरुस्तीआधी ब्रेक पाहणे इष्ट.

मोठ्या बसमध्ये हवेचा ब्रेक असतो. टाक्या भरल्यावर इंजिन बंद करून दाबमापकाचा काटा काही मिनिटे पाहावा. काटा घसरत असल्यास सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती शोधता येते. पेडल दाबल्यावरच काटा घसरत असेल तर दोष चाकाजवळच्या चेंबरमध्ये किंवा ब्रेक व्हॉल्व्हमध्ये असतो. दमट हवेत कॉम्प्रेसरबरोबर टाक्यांत पाणी साठते. ते रोज खालच्या ड्रेन कॉकमधून काढावे लागते. पावसाळ्यात हे पाणी तांबूस निघाल्यास टाकी आतून गंजत आहे असे समजावे.

लहान बसमध्ये तेलाच्या ब्रेकला निर्वाताची मदत असते. काही प्रकारांत हा निर्वात पंप अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. अल्टरनेटर बिघडला म्हणून बाजारातून साधा अल्टरनेटर आणून बसवला, तर भरणी व्यवस्थित होते, पण पेडल दगडासारखे होते. विद्युत दुरुस्तीतून ब्रेकचा बिघाड निर्माण होण्याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वजनाची वाटणी बदलल्यानेही ब्रेक बिघडल्यासारखे वाटतात. प्रत्येकी ३० किलो वजनाची ४० मुले म्हणजे १,२०० किलो भार, पण तो संपूर्ण जमिनीवर पसरलेला. १,००० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे १,००० किलो भार एकाच जागी, तोही वळणावर हलणारा. टाकी एका बाजूला बसवल्यास त्या बाजूचे पाटे दबतात, टायर असमान झिजतो व जोराने ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढते. टाकी दोन आसांच्या मध्ये, शक्य तितकी खाली व आत आडव्या पडद्यांसह असावी. उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे कोणत्याही स्थितीत वर्ज्य आहे. ज्या गिअरमध्ये चढण चढावी लागते, त्याच गिअरमध्ये उतरावे हा जुन्या चालकांचा नियम येथे लागू पडतो.

इंधन व इंजिन

जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची फारशी गरज नसते. म्हणून ‘सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही’ अशा वेळी शोध इंधनाकडे वळवावा. प्रथम इंजिन बंद करणारी केबल किंवा सोलेनॉइड मोकळे आहे का ते पाहावे. अनेकदा एवढ्यावरच काम होते. त्यानंतर हवा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते, त्यामुळे तिच्यातील फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सर्व कोरडे दिसते. तेथे पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडल्यास बुडबुडे दिसतात. फट बंद करून फिल्टरवरचा स्क्रू सैल करावा आणि हातपंपाने फेस जाईपर्यंत हवा काढावी.

पावसाळाभर उभ्या गाडीच्या अर्धवट भरलेल्या टाकीत आर्द्रतेचे पाणी साचते व डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्मजीवांचा चिकट थर धरतो. गाडी सुरू होते, पाच-दहा मिनिटे चालते व चढावर दम तोडते, हे याचे लक्षण. नवा फिल्टरही दोन दिवसांत तुंबतो. टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही.

धुराचा रंग निदानाला दिशा देतो. काळा धूर हवा कमी किंवा इंधन जास्त असल्याचा, निळा धूर तेल जळत असल्याचा. थंड इंजिनाचा पांढरा धूर थोड्या वेळात जात असेल तर चिंता नसते. तो टिकून राहिला व रेडिएटरचे पाणीही घटत असेल तर हेड गॅस्केट तपासावे लागते.

इंजिन गरम होण्याच्या तक्रारीवर थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय सर्रास केला जातो. त्याने कारण दूर होत नाही. उलट इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही व डिझेल अधिक खाते. किनाऱ्यावरील मचूळ विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये घातल्यास आत क्षारांचा थर बसतो, म्हणून शुद्ध पाण्यात मिसळलेला कूलंट वापरणे आवश्यक ठरते.

भारत स्टेज ४ मानक १ एप्रिल २०१७ पासून व भारत स्टेज ६ मानक १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. या गाड्यांत इंधनाचे नियंत्रण बहुतांशी संगणकीय असते. त्यांच्या सांगाड्यावर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा व नियंत्रण संचाची जोडणी काढावी लागते. जुन्या गाडीवर हात बसलेला वेल्डर हे विसरतो आणि रूपांतराच्या पहिल्याच दिवशी इंजिन मूक होते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मूळ नोंदीशी विसंगत असा फेरफार करण्यावर निर्बंध आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हे निर्बंध अधोरेखित केले. वापराचा प्रकार बदलल्यास परिवहन कार्यालयाची परवानगी व नोंदणी प्रमाणपत्रातील बदल आवश्यक असतो. निवासी गाड्यांसाठी ए.आय.एस. १२४ हे स्वतंत्र मानक आहे. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, तर १५ वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. त्यामुळे शासकीय संस्थांकडून लिलावात मिळणारी जुनी बस घेताना ती पुन्हा रस्त्यावर आणता येईल का, हे लिलावाच्या अटींतच पाहावे लागते. भंगार म्हणून विकलेली गाडी कितीही चांगली दुरुस्त केली तरी तिची नोंदणी परत मिळत नाही.